पोच आल्याशिवाय थांबायचं नाही

इंटरनेटवरून माहिती कशी जाते हे पुष्कळांना ठाऊक असेल. पण ते मनाला लावून घेतलेला माणूस जगात एकच, माझे मुलुंडचे मामा. बँकेतून निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी त्यावर एक व्याख्यान ऐकलं आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांची वाट लागली. मेसेज अख्खा जात नाही, त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा मिळेल त्या वाटेनं धावतो, पलीकडे पोचला की तिकडून पोच येते, आणि ती आली नाही तर यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवतं, हे सगळं त्यांनी मला एका बारशाच्या पंगतीत, पुरीचा घास हातात धरून समजावलं. त्या दिवसापासून मामांच्या प्रत्येक मेसेजला 'पोचलं' असं उत्तर देणं सक्तीचं झालं. दिलं नाही, तर तोच मेसेज पुन्हा. "मामा, निळ्या खुणा दिसतात ना!" मी एकदा वैतागून म्हणालो. "त्या मेसेज उघडल्याच्या रे. पोचल्याचं माणसानंच सांगायला हवं."

एकदा ते मला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. परदेशी जाणाऱ्या तारा इथूनच समुद्रात शिरतात म्हणाले आणि देवळात उभं राहावं तसे चपला काढून उभे राहिले. मला हसू आवरेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "कॅनडाला इथूनच जात असेल ना रे?" आणि माझं हसू गेलं. कॅनडाला त्यांची मुलगी. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, मामा लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. मामा मात्र रोज सकाळी तिला एकच मेसेज पाठवत: 'जेवलीस का? पोच दे.' उत्तर येत नसे. "अहो, किती दिवस चालायचं हे?" मामी चिडून म्हणायची. "यंत्र कधी रुसतं का? पोच येईपर्यंत पाठवायचं, बस."

एके सकाळी तिची पोच आली. एकच शब्द, 'पोचलं'. मामांनी तो अख्ख्या मजल्याला वाचून दाखवला, मामीनं शिरा केला. आणि दुसऱ्या दिवसापासून मामांनी मेसेज पाठवणंच बंद केलं! पोच मिळाल्यावर पुन्हा पाठवायचं नसतं, हाही नियमच. आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारला.

आठवडाही झाला नसेल, तिचा फोन आला. मी तिथेच होतो. "बाबा, तू बरा आहेस ना? मेसेज का नाही आला?" ती स्पीकरवरून विचारत होती. "अगं, तुझी पोच मिळाली ना!" मामा म्हणाले. ती आधी हसली, मग रडायला लागली, मग मामाही. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आता ती रोज लिहिते. काय जेवली, बर्फ किती पडला, सगळं. पण 'पोचलं' हा शब्द तिनं पुन्हा कधी लिहिला नाही. मामा आता थकलेत, टाइप करताना बोटं थरथरतात. "बघ ना, हिची पोचच येत नाही," अशी तक्रार करत ते चष्मा पुसतात आणि पुन्हा लिहायला घेतात. ती असं का करते हे त्यांना कळत नसेल, असं मला वाटत नाही.