उताऱ्यावरचं तिसरं नाव

मोताळ्याच्या आमच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं, तेव्हा चांगला गवंडी मिळणं हेच सगळ्यात अवघड काम असेल असं मला वाटलं होतं. नकाशा तयार होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. इंजिनीअरनं नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, आता बांधकामाची परवानगी तेवढी काढून घ्या. फार तर महिन्याभराचं काम आहे."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून आई आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि घरमालकाला त्या खोल्या आता मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या. त्यामुळे घाई होती.

तहसील कचेरीत परवानगीच्या टेबलावरच्या बाबूंनी माझी फाइल शांतपणे चाळली आणि जागेच्या उताऱ्यावर बोट ठेवलं. वडलांच्या मागे वारस म्हणून तिथे तीन नावं लागली होती. आईचं, माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं.

"तिघांच्या सह्या लागतीन. भाऊ कुठी राह्यतात?"

"माहीत नाही."

"म्हंजे?"

"घरातून निघून गेला. अठरा वर्षं झाली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जित्ते हायेत का वारले?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी असा समोरासमोर विचारला नव्हता. नातेवाईक विचारायचे, "काही खबर?" आणि उत्तराची वाट न पाहता विषय बदलायचे. घरात आम्ही "तो बाहेर आहे" एवढंच म्हणायचो. मी उताऱ्यावरच्या तिसऱ्या नावाकडे पाहिलं.

"वाईट नका वाटून घेऊ मॅडम," ते म्हणाले. "जित्ते असन तं सही आना, नसन तं दाखला आना. दोन्हीतलं एक लागतेच. मी तरी काय करू?"

मी फाइल घेऊन बाहेर आले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. वडलांशी त्याचं कधी जमलं नाही. भांडण फार मोठं नव्हतं, रोजचंच होतं. नोकरी नाही, शेतात लक्ष नाही, असलं काहीतरी वडील चार लोकांत बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईला म्हणाला, "मलकापूरले जाऊन येतो." एवढंच. वडलांनी आठ दिवसांनी पोलिसात तक्रार दिली आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही.

वकील मलकापूरचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सात वर्षं माणसाची काहीच खबर नसली, की कोर्ट त्याला मेलेला धरू शकतं. तुमची तर अठरा झाली. पेपरात नोटीस द्यायची, हरकत आली नाही की हुकूम होतो. मग दाखला, मग वारसाची नोंद, मग तुमची परवानगी."

संध्याकाळी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"घरापायी त्याले मारतं का वं तू?"

"आई, कागदावर फक्त."

"कागदावर तं कागदावर. मी जित्ती हाय तवरिक नोको."

मी तो विषय सोडला. दोन महिने नकाशा कपाटावर पडून राहिला. मग घरमालकाची बायको एकदा खोल्यांचं माप घ्यायला आली, टेप लावून, आई पलंगावर बसलेली असताना. ती गेल्यावर चहा घेताना आई म्हणाली, "टाक तुया कागद कोर्टात. पन त्याच्या फोटोले हार घालाचा नाही. अन् तेरवी कराची नाही."

नोटिशीचा मसुदा वकिलांनी मला वाचायला दिला. त्यात त्याच्या नावाची वेलांटी चुकली होती. मी पर्समधून लाल पेन काढला आणि सवयीनं ती दुरुस्त केली. खाली लिहिलं होतं, सदर इसम हयात असल्यास किंवा त्याच्याविषयी कोणास माहिती असल्यास तीस दिवसांत कळवावे. सोबत त्याचा कॉलेजातला फोटो आणि माझा मोबाइल नंबर.

त्या तीस दिवसांत मी वर्गातही मोबाइल टेबलावरच ठेवायचे. विम्याचे फोन, पालकांचे फोन, केंद्रप्रमुखांचे फोन. प्रत्येक वेळी उचलण्याआधी मी मनात म्हणायचे, तो असू दे. तेव्हा मी तसंच म्हणत होते, हे मला नीट आठवतं.

सव्विसाव्या दिवशी मधल्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, हिंदी-मराठी मिसळलेला. तो बऱ्हाणपूरला यंत्रमागावर काम करायचा. बहिणीकडे जळगाव जामोदला आला होता, तिथे त्यानं पेपर पाहिला. "बाई, फोटोतला माणूस हमारे साथ होता. डाव्या भिवईत काप आहे ना?"

भावाच्या भिवईतला काप फोटोत दिसत नव्हता. लहानपणी तो हौदाच्या काठावर पडला होता. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. बाहेर मुलं कबड्डी खेळत होती.

"आता कुठे आहे?"

"आता नाही माहीत. तीन साल झाले."

रविवारी आईला शाळेचं प्रशिक्षण आहे असं सांगून मी मलकापूरला गेले आणि तिथून बऱ्हाणपूरची एसटी धरली. म्हातारा स्टँडवर घ्यायला आला होता. कारखान्यात मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यानं मला मागच्या जिन्याखाली नेलं. तिथे एक माणूस आडवा होईल एवढी जागा होती. सूत गुंडाळलेले पुठ्ठ्याचे कोन रचून ठेवले होते.

"इथे झोपायचा. दस साल. कुणाशी जास्त बोलणं नाही. दारू नाही, काही नाही."

"मग गेला कुठे?"

"एक दिवस दाढी केली, चांगला शर्ट घातला. म्हणाला, गावाला जाऊन येतो." म्हाताऱ्यानं हात उडवला. "हमको लगा, घर पोचला असेल."

तो घरी पोचला नव्हता. बऱ्हाणपूरपासून आमच्या दारापर्यंतचा रस्ता तीन तासांचा. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चहाच्या टपरीवर नजर लावून राहिले.

दुसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "म्हणजे तीन वर्षांपूर्वी जिवंत होता. ताई, ही खबर झाली. हे कोर्टात आलं तर केस संपली. मी ऐकलेलं नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. साक्षीच्या पिंजऱ्यात शपथ घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, "गेल्या सात वर्षांत त्यांच्याविषयी काही बातमी, पत्र, फोन?"

"नाही," मी म्हटलं. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा स्वच्छ निघाला.

पुढचं सगळं वकील म्हणाले तसंच झालं. हुकूम, दाखला, वारसाची नोंद. महसुली कागदावर गेलेल्याचं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. बाबूंनी नवा उतारा माझ्यापुढे सरकवला. "झालं मॅडम. कंस केला." मग नकाशावर शिक्का मारला आणि परवानगीचा कागद दिला. मी त्यांचे आभार मानले.

घर सात महिन्यांत उभं राहिलं. खोल्यांत ऊन येतं, हवा खेळती आहे, आईचे गुडघे पूर्वीसारखे दुखत नाहीत. पण फाटकाची कडी वाजली की मी जागच्या जागी थिजते. पूर्वी वाटायचं, तो असू दे. आता वाटतं, तो नसू दे. एकदा भर दुपारी फाटकाबाहेर एक माणूस उभा होता, बारीक, पांढऱ्या दाढीचा, घराकडे वर पाहत. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि दार उघडलं नाही. त्यानं दोनदा कडी वाजवली. थोड्या वेळानं शेजारच्या फाटकाशी त्याचाच आवाज आला, "रीडिंग घ्यायचंय हो." विजेचा मीटरवाला होता.

त्या दिवशी मी आईला सगळं सांगून टाकलं. म्हातारा, जिना, सुताचे कोन. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला बोलेल.

"गावाले जाऊन येतो म्हनला?" तिनं विचारलं.

"हो."

"असंच म्हनला?"

"हो आई. असंच."

"म्हंजे निंगाला व्हता तो," ती म्हणाली. तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांत असा पाहिला नव्हता. "निंगाला व्हता."

मग तिनं विचारलं, तिथे त्याचा डबा कोण करून द्यायचं, थंडीत अंगावर काय घ्यायचा, केस पिकले होते का. यातलं मी म्हाताऱ्याला काहीच विचारलं नव्हतं. मी जमेल तशी उत्तरं दिली, बनवून. कोर्टात मी काय बोलले ते तिनं विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेत निघाले होते. आई पुढच्या ओट्यावर बसली होती.

"बऱ्हानपुरावून येनारी गाडी मलकापूरले कितीक वाजता लागते वं?"

"एक दुपारी लागते," मी म्हटलं. "अन् एक संध्याकाळी."

तिनं मान हलवली. मी चपला घातल्या आणि जाताना फाटक ओढून घेतलं. ती ओट्यावरून म्हणाली, "कडी नोको लावू."