बाहेरून कडी वाजवणारा कोड

पुण्याच्या नोकऱ्या सोडून आम्ही दोघी मैत्रिणींनी अमरावतीत ऑफिस थाटलं. मी गावातली, ती अकोल्याची. रोज रेल्वेनं बडनेऱ्याला उतरायची, मी स्कूटीवर आणायला जायचे, बहुतेक उशिराच. पहिलं गिऱ्हाईक वरुडचे संत्रा पॅकिंगवाले काका. हे काम फिसकटलं तर ती पुण्याला परत जाणार होती. तिकडून बोलावणं आलंच होतं, काकांकडच्या चाचणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिच्याशिवाय मी एकटी काय माशा मारणार?

काम असं. क्रेटच्या नोंदींचा डेटाबेस वरुडात आणि संत्र्याची प्रत ठरवणारा जावा कोड अमरावतीच्या सर्व्हरवर. मधलं इंटरनेट रुसलं की क्रेट अडले. मी म्हटलं, कोडच डेटाबेसच्या आत बसवू. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणून, म्हणजे डेटाबेसनंच साठवलेला आणि चालवलेला कोड म्हणून, तिथेच चालेल, कोणाला विचारायला बाहेर जायला नको.

"डेटाबेसच्या पोटात जावा? डोकं फिरलं काय वं तुह्यं?" असं म्हणत तिनंच तो बसवला.

चाचणीला वरुडात काकांच्या गेटवर ट्रॅक्टर उभे. पहिला क्रेट काट्यावर चढला आणि स्क्रीन जी थिजली ती थिजलीच. एरर नाही, काही नाही.

"काहून गप बसलं ते?" काकांनी विचारलं.

"विचार करून राहिलं," मी म्हटलं. मैत्रीण हातातल्या फोनकडे बघत होती.

कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. अगं माय! तो आम्ही जसाच्या तसा उचलला होता. आत बसूनही जुन्या सवयीनं युजरनेम-पासवर्ड देऊन नवं कनेक्शन जोडत होता. क्रेटची नोंद पहिल्या कनेक्शननं धरून ठेवलेली, आणि नव्याला तीच हवी. कोड संपल्याशिवाय ते ती सोडेना, आणि नोंद सुटल्याशिवाय कोड संपेना. सुनेनं मागच्या दारानं बाहेर जाऊन पुढची कडी वाजवावी, आणि दार उघडायला घरात दुसरं कोणीच नसावं, तशी गत.

"अवं, आपण आतच आहो ना!" मी ओरडले. नवं कनेक्शन काढून टाकलं, आहे तेच वापरलं. तिनं कोड पुन्हा डेटाबेसात चढवला. क्रेट सरकला. मागोमाग दुसरा, तिसरा.

"चाललं ना बापा! मंग रडून काहून राहिल्या तुमी?" काका म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. "नाही सर, मी नाही येत." फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"उद्या बडनेऱ्याले वेळेवर ये घ्याले. उशीर केला तर पाहून घेईन तुले!"