नव्वद फडकी

गल्लीतल्या लाँड्रीवाल्याला सगळे कडककाका म्हणत. इस्त्री कशी हवी, असं त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. कपडा घ्यायचा, उजेडात धरायचा आणि म्हणायचं, कडक करतो. माणूस मात्र मेणाहून मऊ. गिऱ्हाइकाने शर्टाचं बटण स्वतः तोडून आणलं तरी माफी हेच मागणार आणि बायकोकडून नवं लावून देणार. दुकानाचा नियम एकच, आणि तो नवराबायकोने छत्तीस वर्षं पाळला: मळका कपडा या घरातून दुसऱ्याच्या हातात जायचा नाही. एकदा एकजण गाडी चुकेल म्हणून न धुतलेला कोट परत मागायला आला, तर काकूंनी त्याला बाकावर बसवून निदान कॉलर घासून दिलीच. त्याची गाडी चुकली ते वेगळं.

शहर डोंगरांच्या मधे, कढईच्या तळाशी बसावं तसं. उन्हाळ्यात बरं असतं. हिवाळ्यात वारा पडतो, थंड हवा खाली दबून बसते आणि गाड्या, शेकोट्या, दरीच्या तोंडाशी असलेल्या चाळीस वीटभट्ट्या, सगळ्यांचा धूर तिथेच मुक्काम ठोकतो. पाहुणा निदान चार दिवसांनी जातो, हा तीन महिने हलत नाही. समोरचं घर दिसत नाही, नाक शिंकरलं तर काळं येतं. आणि पालिकेने हवा मोजायचं यंत्र कुठे बसवलंय म्हणाल, तर वर टेकडीवरच्या बागेत, जिथे धूर पोचतच नाही. त्यामुळे कागदावर हवा कायम समाधानकारक. या शहाणपणाला काय म्हणावं!

काकूंच्या छातीची आणि धुराची ओळख जुनी. तीस वर्षं त्या दुकानामागच्या हौदावर धूत बसल्या, आणि शेजारी काकांचा कोळशाचा बॉयलर धुमसत राहिला. दोन वर्षांपूर्वी जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्यांचा श्वास अडायला लागला तेव्हा काकांनी बॉयलर भंगारात दिला आणि विजेचं यंत्र आणलं. त्याला मोठं काम झेपेना, म्हणून हॉटेलवाल्यांच्या चादरी दुसरीकडे गेल्या. पण या हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच बाहेर बोलावलं आणि सांगितलं की असा आणखी एक हिवाळा त्या काढणार नाहीत, त्यांना दरीबाहेर न्या. न्यायचं कुठे? दरीबाहेर त्यांचं होतं कोण? घरी येऊन काका म्हणाले, डॉक्टरांनी वाफ घेत जा असं सांगितलंय. उभ्या संसारात त्यांनी बायकोपासून काही लपवलं नव्हतं. लपवलं ते हेच, तिच्याच जिवाचं.

तेव्हापासून ते गल्लीतल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंच्या समितीत जायला लागले. समिती म्हणजे बाई, औषधाचा दुकानदार, एक बसचालक आणि काका. चार डोकी आणि एक फलक. मागणी एवढीच की हिवाळ्याचे तीन महिने भट्ट्या बंद ठेवा. पालिकेने पुरावा मागितला. बाईंनी मोबाइलवरचे धुराचे फोटो दाखवले, तर साहेब म्हणाले, फोटोत काय, दिवसाची रात्रही करता येते. हातात धरता येतील असे नमुने आणा. मग बाईंनी युक्ती काढली आणि काकांनी ती अंगावर घेतली. तीन नव्या पांढऱ्या चादरींचे रुमालाएवढे नव्वद तुकडे केले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाँड्रीच्या पक्क्या शाईने तारीख आणि घराचा नंबर घातला. नऊ गच्च्या, दहा दिवस. आज सकाळी टांगायचा, उद्या सकाळी काढायचा आणि नवा लावायचा. साठी ओलांडलेला माणूस रोज नऊ जिने चढला. तुकडे काळेकरडे होऊन खाली यायचे आणि ती काजळी बघून काकांना आनंद व्हायचा, म्हणजे काय वेळ आली होती बघा. शेवटी सगळे घडी करून त्यांनी घरातल्या टोपलीत ठेवले. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, समितीची फडकी आहेत, परवा साहेबांपुढे न्यायची आहेत. आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी काका सकाळीच बाईंबरोबर सह्या गोळा करायला गेले. घरात काकू आणि ती टोपली. कोपऱ्यातले आकडे त्यांना दुकानातल्या नेहमीच्या खुणेसारखे वाटले. फडकी तोंडाला बांधून पालिकेत बसणार असतील, असा त्यांनी अंदाज केला. साहेबांपुढे बसायचं, आणि असली मळकी बांधून? दोन वर्षं त्यांना कुणी पाण्याला हात लावू दिला नव्हता, आणि नुसतं बसून खाण्याचा त्यांना मनातून संताप होता. नवरा या वयात जिने चढतोय आणि आपण धापा टाकतोय. त्यांनी घमेलं घेतलं, साबण घेतला. चार फडकी धुवायची, भिंतीला टेकायचं, श्वास परत आला की पुढची चार. शेवटी नीळ दिली, हलकी खळ दिली, आणि ओलीच इस्त्रीखाली घालून वाळवली. काय मेली घाण ही, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी काळं पाणी तीनदा ओतलं. मग फडकी तारखेप्रमाणे लावली, खाकी कागदात गुंडाळली आणि वर सुतळीची दुकानातली गाठ मारली.

काका दिवस मावळताना आले तेव्हा त्या लालबुंद चेहऱ्याने हसत बसल्या होत्या, आणि छाती भात्यासारखी चालली होती. काकांना वाटलं, आज धूर जास्त आहे. खोलीत इस्त्रीचा वास भरून राहिला होता, पण ज्याचा जन्म त्याच वासात गेला त्याला तो कुठला कळणार? त्यांनी पाणी तापवून वाफ दिली. सकाळी निघताना काकूंनी पुडकं हातात दिलं, सगळं नीट लावलंय म्हणाल्या. काय सुबक बांधलंय म्हणून काकांना कौतुक वाटलं. साहेबांसमोरच सोडू, असं त्यांनी ठरवलं.

सुनावणीच्या खोलीत साहेब, भट्टीवाल्यांचे वकील आणि समितीची चार डोकी. काकांनी गाठ सोडली. आत बगळ्यासारखी पांढरीशुभ्र नव्वद फडकी, कडक. तारखा तेवढ्या जशाच्या तशा, पक्की शाई ना ती! साहेबांनी एक उचलून उजेडात धरलं.

"काका, याच्यापेक्षा मळकं तर माझं टेबल आहे."

खोली हसली. वकिलांनी लगेच म्हणून घेतलं की हवा स्वच्छ असल्याचा पुरावा अर्जदारांनीच तारीखवार दिला आहे, त्याची नोंद व्हावी. काका घडीकडे बघत होते. कडा आतल्या अंगाला वळवायची सवय एकाच हाताची होती. घरी धुतली गेली, चूक माझी, एवढंच ते बोलले, आणि लोक परत हसले. साहेब तसे वाईट नव्हते. नवे नमुने आणा म्हणाले आणि पुढची तारीख दिली, अडीच महिन्यांनंतरची. फडकी काय, दहा दिवसांत पुन्हा काळी झाली असती, पण तोवर वारा सुटतो, डोंगर लख्ख दिसतात आणि भट्ट्या बंद ठेवायला हिवाळाच उरत नाही. हिवाळ्याचे नऊ आठवडे अजून जायचे होते.

बाहेर व्हरांड्यात बाईंचा पारा चढला. "एवढं साधं बायकोला सांगता आलं नाही तुम्हाला?"

"फडकी कशाला हवीत हे सांगितलं असतं, बाई, तर एवढी घाई कशाची तेही तिने विचारलं असतं."

बाईंना डॉक्टरांचं माहीत होतं. त्यांनी सुतळी उचलून काकांच्या हातात दिली. पुडकं पुन्हा बांधून काका चालत घरी गेले. रस्त्यात पुढचा माणूस दिसत नव्हता, तेच बरं झालं, कारण त्यांचे डोळे वाहत होते.

काकू दारात खुर्ची टाकून वाट बघत होत्या. काय म्हणाले साहेब, असं त्यांनी काका चपला काढायच्या आत विचारलं.

"उजेडात धरून बघितलं. माझ्या टेबलापेक्षा स्वच्छ आहेत म्हणाले."

काकूंचा चेहरा असा फुलला की दोन वर्षांत काकांनी तो तसा पाहिला नव्हता. त्या हसल्या, हसता हसता ठसका लागला, आणि खोकला काही केल्या थांबेना. काका पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला.

"पुढच्या वेळी दोन दिवस आधी द्या," त्या म्हणाल्या. "एका दिवसात नव्वद म्हणजे दम पुरत नाही हो."

काका बरं म्हणाले, आणि वाफेचं पाणी ठेवायला आत गेले.