दार लावणारी बाई

ती कुणाच्याही घरी आली की आधी दार लावायची. आत पाऊल टाकलं की मागे वळून दोन्ही हातांनी दार ओढायचं, कडी बसली का ते पाहायचं आणि मग हसून म्हणायचं, "नमस्कार ताई." तुमच्याकडे कुणी असं केलं तर तुम्हीही दचकाल. आमच्या पोंभुर्ण्यात दारं दिवसभर उघडी असतात. एखादं लागलेलं दिसलं की शेजारी विचारतात, "कोन बिमार हाय वो?"

ती नॉर्वेची. लकवा झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं हे तिचं काम. मी ज्या दवाखान्यात औषधं देते, तिथेच ती आली होती. अंगणापलीकडची आमची खोली मी तिला दिली, आणि त्यात माझा स्वार्थ होता. माझी आई लकव्यानं बाजेवर पडून होती.

रोज सकाळी ती आईला धरून उभं करायची. "आई, पाय जड नाई. पाय तुझाच हाय." आई तिला मनसोक्त शिव्या घालायची आणि उभी राहायची. होळीपर्यंत आई भिंत धरून पावलं टाकू लागली.

मग उन्हाळा आला. मी तिला कूलर लावून दिला. तिच्या देशात घरातली ऊब जाऊ नये म्हणून दारं लावतात, तर हिनं थंडावा जाऊ नये म्हणून दार, खिडकी, झरोका, सगळं बंद केलं. हवेला बाहेर जायला वाट नसली की कूलर माणसाला वाफवून काढतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिला कोण सांगणार! एका दुपारी आई ओसरीवरून ओरडायला लागली, "त्या पोरीचं दार सकाळपासून बंद हाय! पाहा वो कोनी!" कडी तोडून आत गेलो तर ती जमिनीवर पडलेली, लालबुंद, अर्धवट शुद्धीत.

दवाखान्यानं तिला परत पाठवायचं ठरवलं. ती गेली असती तर आईची पावलं भिंतीपाशीच थांबली असती. पण तिनं हट्टानं मे संपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

तो मे महिना आईनं तिच्याकडून काढवून घेतला. पहाटे ती आईला चालवायची आणि दुपारी आई बाजेवरून हुकूम सोडायची. "खिडकी उघड. दुपट्टा घे डोक्यावर, काऊन हिंडून राह्यली अशी?" आंबील तिला मुळीच आवडत नसे. नाक दाबून विचारायची, "आई, हे औषध?"

"औषध नाई, आंबील हाय. पे!"

मे सरला. ती राहिली.

पावसाळ्यात तिनं शिकवल्याबरहुकूम दार उघडंच ठेवलं. गादीला बुरशी आली आणि चपलेत बेडूक बसला. "आता लावू की उघडू?" तिनं रडवेल्या तोंडानं विचारलं, तेव्हा आई हसता हसता बाजेवरून पडायचीच राहिली. पुढे डिसेंबरात ती माकडटोपी घालून आमच्या शेकोटीशी येऊन बसली. "ताई, मले थंडी वाजून राह्यली." सगळी गल्ली हसली. मी मात्र तिच्या खांद्यावर माझी शाल टाकली.

तिचं इथलं काम संपलं आणि ती गेली. तोवर आई काठीनं हिंडत होती.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. बर्फ दाखवायला तिनं दार उघडलं आणि बोलण्याच्या नादात तसंच ठेवलं. "दार लाव, पोरी! गारठशीन!" आई ओरडली. तिनं हसत दार लावलं आणि म्हणाली, "आई, चालून दाखव."

आई उठली. काठी भिंतीशीच राहिली. सावकाश अंगण ओलांडून ती समोरच्या रिकाम्या खोलीपाशी गेली, कडी काढली आणि दार सताड उघडलं. मी फोन तिकडे वळवून धरला होता.

"हे उघडंच ठेवतो वो, पोरी," आई तिथूनच ओरडली. "तू ये."