कोंबड्या दाखवायची वेळ

१६ जून १९५४, बुधवार. पाऊस थांबून थांबून. खाडीची कोळंबी मिळाली. शाळेत आजही उशीर, दहा मिनिटं. मासूमा कोंबड्या बघून रडली.

आसियाने आपल्या रोजनिशीतलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. दीड वर्षाच्या पोरीला कोंबड्यांचं एवढं भय कधीपासून? महिन्यापूर्वी हीच खुराड्यात डोकं घालून बसायची.

घरात तिघीच: आसिया, मासूमा आणि नवऱ्याची आत्या, रझियाफुफी. नवरा फारुक बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. आसियाला नुकतीच मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती, आणि ती तिला मनापासून हवी होती. पण आज मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, "आसियाबाई, दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

उशीर व्हायचा तो मासूमापायी. ती आईला सोडतच नसे. विहिरीवर जायचं तरी कडेवर, नमाजाला उभं राहिलं तरी पायाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळा कोळीण टोपली घेऊन मागच्या दारी आली, तर परसात हा गोंधळ. फुफी म्हणतायत, "चल ग, कोंबड्या बघूया," आणि कडेवरची मासूमा काठीसारखी ताठ होऊन पुढच्या दाराकडे हात पसरतेय.

"फुफी, चोच मारली काय हिला?"

"चोच कसली! मी हिला मागे आणते, तेवढ्यात आई पुढून सटकते. रोजचंच आहे. पोर रडायला नको."

कमळाने टोपली खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "मग बरोबर आहे तिचं. कोंबडी दिसली की आई गायब. उद्या मला दाखवलीत तर मीपण टोपली घट्ट धरीन."

"आमच्या घरात सगळी पोरं अशीच वाढली. फारुकचा बाप निघाला की आम्ही फारुकला हौदाकडे न्यायचो."

"मग फारुकभाई अजून पाण्याला भितात काय?"

"भ्याला असता तर बोटीवर गेला असता?" फुफी फणकारल्या.

कमळा मागच्या दारात आलेल्या आसियाकडे वळली. "भाबी, माझी चार पोरं घरी आहेत. मी तोंडावर सांगून निघते. रडतात, वाडीभर ऐकू जातं. पण मग खेळायला लागतात. आई कुठे गेली हे त्यांना ठाऊक असतं ना."

आसियाने घड्याळ बघितलं. आत्ता निसटलं तर आरामात पोचता येत होतं. सांगत बसलं तर नोकरी जायची पाळी. ती क्षणभर उभी राहिली, मग मासूमाला घेऊन पुढच्या पायरीवर बसली.

"मी शाळेत चालले. चहाच्या वेळी येणार. ही माझी पेन्सिल. नीट ठेव, मला संध्याकाळी लागते."

मासूमाने जो टाहो फोडला, तो वळणावरच्या फणसापर्यंत आला. "बघ, म्हटलं नव्हतं?" हे फुफींचं वाक्यही आलं. आसिया जवळजवळ पळतच गेली. शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा घंटा वाजत होती.

परतली तेव्हा मासूमा पडवीत होती. तिने आईला बघितलं आणि फुफींच्या खांद्यात तोंड लपवलं.

"रुसलीय," फुफी म्हणाल्या. "बराच वेळ दाराशी बसली होती."

आसियाने तिला ओढून घेतलं नाही. छत्री उघडून वाळत ठेवली, पाय धुतले, पायरीवर टेकली. थोड्या वेळाने पाठीमागून एक ओला हात आला आणि पेन्सिल तिच्या मांडीवर पडली. पाठोपाठ मासूमाही. पेन्सिलीवर चार दातांच्या खुणा होत्या.

"आणि कोंबड्या?"

"दुपारी तांदूळ टाकायला आली की माझ्याबरोबर. ताटलीच हिसकावली. खुराड्यात हातही घातलान." फुफींनी आवाज खाली आणला. "कमळीला हे सांगायचं नाही हं."

आसियाने दिवा लावला आणि त्याच पेन्सिलीने लिहिलं: शाळेत वेळेवर. अंडी तीन, त्यातलं एक मासूमाकडून फुटलं.