हळू म्हणणारी बाई

"मला मरता फार छान येतं," हेमलता निगुडकर एकदा म्हणाल्या होत्या, आणि विंगेतले सगळे हसले होते.

गणेशोत्सवातलं नाटक होतं. तिसऱ्या अंकात मरून त्या नुकत्याच आत आल्या होत्या, तोंडावरचा रंग तसाच, हातात चहा. मयूर विहारच्या मंडळात मरणारी बाई म्हणजे हेमलताबाई, हे ठरूनच गेलं होतं. त्यांचे यजमान विश्वनाथराव पहिल्या रांगेत बसायचे आणि घरी जाताना म्हणायचे, "आज जरा लांबलं हं तुझं. मागच्या वर्षी पटकन गेली होतीस."

विश्वनाथराव दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. अर्धा संसार लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला, निवृत्तीच्या सुमारास सोसायटीतला हा फ्लॅट झाला. क्वार्टरमध्ये असतानाच हेमलताबाई डबिंग करू लागल्या. हिंदी स्वच्छ, आवाज वयापेक्षा मोठा. कार्टूनमधल्या आज्या, जाहिरातींतल्या सासवा. गेल्या वर्षी नोएडातल्या एका स्टुडिओने त्यांना व्हिडिओ गेमसाठी बोलावलं.

काम मरण्याचंच होतं. अशा कामात बोलणं आधी उरकतात आणि किंकाळ्या शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर गळा कशाच्याच उपयोगाचा राहत नाही. काचेपलीकडून नीरज सांगत होता. तिशीतला मुलगा, फार अदबीने बोलणारा. "आंटी जी, अब चाकू. बिल्कुल पास से. अब आग. अब सीढ़ियों से." समोर चित्र नव्हतं, काळा पडदा होता. मध्ये मध्ये तो गरम पाणी आणून देई.

पण किंकाळ्यांच्या आधी, बोलण्याच्या भागात, एक गोष्ट होती. जिवाची भीक मागायची होती. गेममधलं शहर काल्पनिक होतं. बनवणाऱ्यांचं म्हणणं, खेळणाऱ्याला शब्द कळता कामा नयेत, नुसतं लागलं पाहिजे. "जो भाषा घर की हो, उसमें," नीरज म्हणाला.

हेमलताबाईंनी नाटकातली वाक्यं म्हणून पाहिली.

"ये तो ड्रामा हो गया, आंटी जी."

त्यांनी डोळे मिटले आणि तोंडातून आपोआप आलं, "पाया पडते बाळा तुझ्या. हळू. आतलं हाड दुखतंय. झालं ना आता?"

हेडफोनमध्ये नीरज म्हणाला, "बस. यही."

त्या दिवशी मेट्रोतून घरी येताना त्या खूश होत्या. हे नंतर त्यांना पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. आपण खूश होतो.

ते शब्द त्यांचे नव्हते. मागच्या खोलीत त्यांच्या सासूबाई, भीमाबाई, अंथरुणाला खिळून होत्या. नव्वदीच्या पुढे वय, माणसं ओळखण्यापलीकडे गेलेल्या, सगळ्यांनाच बाळा म्हणत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने त्यांची कूस बदलावी लागे. इतर दिवशी एक बाई यायच्या. रविवारी ते हेमलताबाईंकडे असे. हेमलताबाईंचा हात दर वेळी हलका नसायचा. दमलेल्या असल्या, घाई असली, की त्या एका झटक्यात वळवून मोकळ्या होत. तेव्हा भीमाबाई म्हणायच्या, पाया पडते बाळा तुझ्या. थांब म्हणायच्या नाहीत. थांबणार नाही हे त्यांना कळत असावं. हळू, एवढंच म्हणायच्या.

हे रेकॉर्डिंगनंतरही काही महिने तसंच चाललं. ज्या घरात वाक्य बोललं जात होतं त्याच घरात त्याची रेकॉर्ड केलेली दुसरी प्रत कुठे गेली, याचा कुणी विचार केला नाही.

हेमलताबाई दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग घेत. नात रुचिता त्यातच होती, दहा वर्षांची. "आजी, मी पानी पिली" अशी तिची मराठी. दिल्लीत वाढलेल्या या पोरांच्या तोंडात ळ बसत नाही. केलं, फल, काला. हेमलताबाईंचा जीव त्या एका अक्षरासाठी तुटायचा. वर्गाचा नियम होता की जाताना प्रत्येकाने एक मराठी वाक्य सांगायचं, पाठ केलेलं नाही, त्या आठवड्यात स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. वाक्य सांगितलं की वाटीभर चिवडा. पोरं घरातून वाक्यं पळवून आणत. दूध उतू गेलं. बाबा चिडलेत. चावी कुठे ठेवलीस, मूर्खा.

जानेवारीतल्या एका रविवारी शेजारच्या इमारतीतला सुधन्वा उभा राहिला. बारा वर्षांचा, मराठीत सगळ्यात कच्चा. छाती पुढे काढून म्हणाला, "पाया पडते बाळा तुझ्या. हळू. आतलं हाड दुखतंय. झालं ना आता?"

पोरं खो खो हसली. दोघं-तिघं त्याच्याबरोबरच म्हणाली, त्याच सुरात, "झालं ना आता" पाशी तसाच श्वास तोडून. रुचिताही म्हणाली.

आणि हेमलताबाई म्हणाल्या, "शाब्बास! ळ अगदी स्वच्छ आला. दोन्ही वेळा." त्यांनी त्याची वाटी शिगोशीग भरली.

वाटी त्याच्या हातात गेल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं ते वाक्य कोणतं होतं.

"कुठे ऐकलंस हे?"

"गेममध्ये, टीचर. एक आंटी आहे. तिला पकडलं ना, तर लगेच मारायचं नाही. पूर्ण बोलू द्यायचं, फिर मारना है. मग डबल पॉइंट मिळतात."

"आणि मध्येच मारलं तर?"

"तर वेस्ट," सुधन्वा म्हणाला. "सगळे पूर्ण ऐकतात."

त्या दिवशी जेवताना त्यांनी विश्वनाथरावांना सांगितलं. आवाज आपला, एवढंच. शब्द कुणाचे ते सांगितलं नाही. ते स्वतःच्या आईचे शब्द ओळखतील, याची त्यांना भीती होती.

विश्वनाथराव परवाच संक्रांतीला मंडळाच्या बसने पानिपतला जाऊन आले होते, लढाईच्या स्मारकावर फूल ठेवायला. दरवर्षी जात. त्याच तारेत ते म्हणाले, "अगं, आम्ही शाळेत काय खेळायचो? पानिपतच खेळायचो. काठ्या घेऊन. मी बारीक, म्हणून दरवेळी मलाच मारायचे."

"तुम्ही पाया पडायचा का?"

"हॅ! शिव्या द्यायचो."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर काय, उठायचो. मग पाळी माझी, मी मारायचो."

हेमलताबाई ताटात बोट फिरवत राहिल्या. "त्या बाईची कधी पाळीच येत नाही, अहो. ती तेवढंच म्हणते."

"ती आहे कुठे? चित्र आहे ते."

ती कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. भिंतीपलीकडे खोकला आला तेव्हा त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीरजला फोन केला. ते वाक्य काढून टाका म्हणाल्या.

"आंटी जी, मजाक कर रही हैं? वही तो चल रहा है. लोग उसकी क्लिप बना रहे हैं." मग आवाज खाली आणून, "सच बताऊँ, मैं खुद वो हिस्सा आवाज बंद करके खेलता हूँ. पर अगले पार्ट में भी वो लोग आपको ही चाहते हैं. थोड़ा लंबा."

पुढच्या रविवारी त्यांनी वर्गात तो नियम बंद केला. चिवडा तसाच वाटला. सुधन्वा म्हणाला, "टीचर, माझ्याकडे वाक्य होतं." त्या म्हणाल्या, राहू दे. रुचिताला त्यांनी घरी बजावलं की तो खेळ खेळायचा नाही.

"का?"

"घाणेरडा आहे."

"तू बघितलाय?"

नव्हता बघितला. आठवडाभर, येणाऱ्या बाईंना बाजूला करून, त्या स्वतः भीमाबाईंची कूस हळू वळवत होत्या, दोन्ही हात खाली घालून, आधी सांगून. "आई, वळवते हं आता." म्हातारी तरीही तेच म्हणायची. हाडाला काय कळणार, हात सुधारला म्हणून. हेमलताबाईंना वाटायचं, एकदा तरी न म्हणता वळावी. एकदाच.

शेवटी त्यांनी ठरवलं की रुचिताला सगळं सांगायचं. आवाज माझा, शब्द पणजीचे, आणि ती ते कुणाला म्हणते तेही. पोरीला पणजी ऐकू यायला हवी होती. गेममधली आंटी तिच्या कानात पक्की बसण्याच्या आत. त्यासाठी आपण तिच्या नजरेतून उतरलो तरी चालेल, इथपर्यंत त्या आल्या होत्या.

रविवारी दुपारी मुलगा आणि सून बाजारात गेले होते. विश्वनाथराव बाल्कनीत उन्हात पेपर तोंडावर घेऊन पडले होते. हेमलताबाईंनी हाक मारली, "रुचिता, इकडे ये जरा. पणजीला वळवायला मदत कर."

त्या खोलीत रुचिता सहसा येत नसे, वास येतो म्हणायची. दारात उभी राहिली.

"ये ना. तिचा हात धर. मग मला तुला काही सांगायचंय."

रुचिताने दोन बोटांनी पणजीचं मनगट धरलं. हेमलताबाईंनी खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले. "आई, वळवते हं." त्यांनी उचललं. जितकं सावकाश उचलता येईल तितकं.

भीमाबाईंनी डोळे उघडले. नातवाच्या मुलीकडे बघत म्हणाल्या, "पाया पडते बाळा तुझ्या. हळू."

रुचिताचं तोंड उघडंच राहिलं. मग ती खुदकन हसली. मनापासून, निर्मळ हसली. "आजी! पणजीला पण येतं! बाळा तुझ्या, हळू! सेम टू सेम!"

हेमलताबाईंचे हात तिथेच थांबले. म्हातारी अर्धवट वळलेली, त्यांच्या तळहातांवर तोललेली. सांगायला हीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलं.

"थांब ना आजी," रुचिता म्हणाली. तिने मनगट नीट घट्ट धरलं आणि कौतुकाने पुढे वाकली. "अजून सोडू नको. पूर्ण बोलू दे तिला."

"आतलं हाड दुखतंय," भीमाबाई म्हणाल्या.

रुचिताचे ओठ हलत होते. पुढचं ती आधीच म्हणत होती. दोघींचं एकदमच झालं, एक आवाज नव्वदीचा, एक दहाचा. "झालं ना आता?"

यात ळ नव्हता. तो आधीच्या शब्दांत होता, आणि मघाशी हसताना पोरीने तो दोन्ही वेळा बरोबर उच्चारला होता. हेमलताबाईंच्या कानाने तो टिपला होता.

त्यांनी सासूबाईंना खाली ठेवलं. पाठीमागे उशी सरकवली, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी ठेवली. पांघरूण ओढलं. नातीची बोटं एक एक करून मनगटावरून सोडवली.

"आजी, तू काय सांगणार होतीस?"

बाल्कनीत पेपर सरकला. विश्वनाथराव उठून बसले होते. आईचे शब्द रुचिताच्या तोंडून त्यांना ऐकू गेले होते. उन्हातून ते आत खोलीकडे बघत होते, आईकडे, मग बायकोकडे.

हेमलताबाई त्यांच्या समोरून गेल्या. दाराशी चपला होत्या. त्यांत पाय न घालता त्यांनी दार उघडलं आणि बाहेर पडल्या.