मोरचुदाचं तीर्थ

रसायनशास्त्राच्या सरांबद्दल मला आदर असा कधी नव्हताच. तिरस्कार मात्र बारावीत वाटायला लागला, आणि तोही त्यांच्याच दिवाणखान्यात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात ते वर्षानुवर्षं शिकवत होते. लोखंड आणि कॉपर सल्फेटची अभिक्रिया त्यांनी फळ्यावर लिहिली, खाली दोन रेघा मारल्या आणि परीक्षेत येणारच म्हणून पाठ करायला सांगितली. प्रयोग काही करून दाखवला नाही. बाटल्यांच्या कपाटाला कायम कुलूप.

एका रविवारी त्यांच्या घरी कुणी महाराज आले. म्हणे लोखंडाचं तांबं करतात. सरांनी आम्हाला पालकांसकट दर्शनाला बोलावलं. आई निफाडहून, द्राक्षांवरची फवारणी उरकून आली. नखांच्या कडा अजून निळसर होत्या.

महाराजांनी सरांच्या स्वयंपाकघरातली लोखंडी पळी तीर्थाच्या तांब्यात बुडवली. हे तीर्थ प्यायचं नाही, एवढं मात्र आवर्जून बजावलं. मंत्र झाले. पळी वर आली ती बुडाशी लालसर. सरांनी सरळ लोटांगण घातलं.

आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हे तर मोरचुदाचं पाणी हाय. बोर्डोच्या फवारणीत चुना कमी पडला का आमचा विळा असाच लाल व्हतो. निस्ता वरून. घासला का आत लोखंडच."

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. सर उठून बसले. "बाई, शेतातलं शेतात ठेवा," असं म्हणून ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला आईला जरा समजावायला सांगितलं.

मला सगळं कळत होतं. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट. लोखंडाचे अणू पळी सोडून पाण्यात उतरले होते, पाण्यातले तांब्याचे अणू पळीवर येऊन बसले होते. जोड्या मोडून नव्या जुळल्या, पदार्थ नवे झाले. पण लोखंडाचा एकही अणू तांब्याचा झाला नव्हता. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सर आम्हाला बोटांवर मोजून दाखवत, आणि त्यातल्या एका अक्षरावरही या माणसाचा विश्वास नव्हता.

पण प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात होते. मी म्हणाले, "आई, तू गप्प बस."

आई उठली, पूजेच्या ताटात ठेवलेली पळी घेतली, उंबऱ्याच्या दगडावर दोनदा घासली आणि करडा पट्टा वर येईल अशी सरांपुढे ठेवली. सरांनी त्या पळीवर फूल वाहिलं.

निफाडला परतताना एसटीत आईनं एवढंच विचारलं, "तुला ठावं व्हतं ना?"

मी होकाराची मान हलवली. मग चांदोरीचा थांबा येईपर्यंत ती नखांच्या निळ्या कडा पदरानं पुसत राहिली.

प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी मिळाले. आईला मी ते सांगितले नाहीत.